बाबांची सही चालते तोवर: म्हातारपणातले उपचार, पैसा आणि कागदपत्रं यांची तयारी

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात दोन भाऊ माझ्या दवाखान्यात आले. त्यांचे वडील माझे जुने पेशंट. वय ७६. नऊ वर्षांपासून बीपीच्या गोळ्या माझ्याकडूनच चालू होत्या. तीन आठवड्यांपूर्वी त्यांना पक्षाघात झाला होता. उजवी बाजू गेली, वाचा गेली, आणि समोरचा काय बोलतो हेही त्यांना कळत नव्हतं.

भावांना माझ्याकडून एक दाखला हवा होता. "रुग्ण मानसिकदृष्ट्या सक्षम असून स्वखुशीने अंगठा देत आहे," असा. वडिलांच्या एकट्याच्या नावावर बँकेत मुदत ठेव होती. दवाखान्याचा खर्च मात्र दोघे भाऊ उसनवारी करून भागवत होते. ठेवीला नॉमिनी होता, पण नॉमिनीचं काम माणूस गेल्यावर सुरू होतं. वडील तर जिवंत होते.

मी दाखला दिला नाही, देऊ शकत नव्हतो. धाकटा भाऊ चिडून म्हणाला, "आमच्याच बापाचा पैसा आमच्याच बापाले लावाचा हाय. त्यात तुमाले काय अडचण हाय जी?"

त्याचा प्रश्न चुकीचा नव्हता. उशिरा आला होता. मृत्युपत्र, मुखत्यारपत्र, बँकेचा फॉर्म, उपचारांबद्दलचं इच्छापत्र, या सगळ्या कागदांना एकच गोष्ट लागते: ज्याचा कागद, त्याला तो समजला पाहिजे. पक्षाघात, डोक्याला मार किंवा वाढत गेलेला डिमेन्शिया नेमकी तीच गोष्ट काढून घेतो. भारतात ६० वर्षांवरील लोकांपैकी सुमारे ७.४ टक्के जणांना डिमेन्शिया असावा, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात मांडला आहे. म्हणजे साधारण तेरा-चौदा ज्येष्ठांमागे एक.

गेल्या दोन-तीन वर्षांत या विषयाशी संबंधित बरेच नियम बदलले. लिव्हिंग विल सोपं झालं, सत्तरीपुढच्या सर्वांना सरकारी आरोग्य कवच मिळालं, बँकेत चार नॉमिनी लावता येऊ लागले, आणि मुलांना दिलेली मालमत्ता परत मिळवण्याबद्दल सुप्रीम कोर्टाचा महत्त्वाचा निकाल आला. बातम्या सुट्या सुट्या आल्या. घरासाठी त्यांचा एकत्र अर्थ काय, ते या लेखात पाहू. मी एमबीबीएस डॉक्टर आहे, वकील नाही. कागद करताना वकिलाचा सल्ला घ्याच. पण कोणता कागद आजारपणात कुठे अडतो, ते मला रोज दिसतं.

उपचारांबद्दल कोण ठरवणार?

आपल्या जिल्ह्यातल्या एका घटनेपासून सुरुवात करतो. नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारच्या आश्रमात विनोबा भावे यांना हृदयविकाराचा झटका आला. काही दिवसांतच त्यांनी अन्न, पाणी आणि औषध घेणं थांबवलं. १५ नोव्हेंबरला, वयाच्या ८७ व्या वर्षी, त्यांनी देह ठेवला. तेव्हाही यावर वाद झाला आणि आजही होतो. मी कोणालाही तसं करायला सांगत नाही, आणि लिव्हिंग विलचा अर्थही तसा नाही. मला त्या घटनेतली एकच बाब महत्त्वाची वाटते. विनोबांना काय हवं आहे, याबद्दल आजूबाजूच्या कोणालाही शंका नव्हती. त्यांनी ते स्वतः, शुद्धीत असताना सांगितलं होतं.

याच्या उलट गोष्ट मुंबईची. केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये हल्ला झाला आणि त्यांच्या मेंदूला कायमची इजा झाली. मे २०१५ मध्ये त्यांचं निधन झालं. तोपर्यंत, चाळीसहून अधिक वर्षं, रुग्णालयातल्या परिचारिकांनी त्यांची सेवा केली. मार्च २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांच्या बाबतीत जीवनरक्षक उपचार थांबवायला परवानगी दिली नाही. मात्र, विशिष्ट परिस्थितीत असे उपचार थांबवता येतील, हे तत्त्व मान्य केलं. अरुणा यांना स्वतःला काय हवं असतं, हे कोणालाच विचारता आलं नाही.

पुढे ९ मार्च २०१८ रोजी सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने लिव्हिंग विल, म्हणजे उपचारांबद्दल आधीच लिहून ठेवलेलं इच्छापत्र, कायदेशीर ठरवलं. पण त्यावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागत असे. त्यामुळे फार कमी लोकांनी ते केलं. २४ जानेवारी २०२३ रोजी कोर्टाने ही प्रक्रिया सोपी केली. आता ती अशी आहे:

- व्यक्ती १८ वर्षांवरील असावी, समजून-उमजून आणि दबावाशिवाय लिहीत असावी.
- कोणत्या परिस्थितीत कोणते उपचार नकोत, हे स्पष्ट शब्दांत लिहावं.
- स्वतः बोलता येणार नाही तेव्हा आपल्या वतीने संमती कोण देईल, त्या एका किंवा अधिक जवळच्या व्यक्तींची नावं लिहावीत.
- दोन साक्षीदारांसमोर सही करावी. साक्षीदार शक्यतो घराबाहेरचे, हितसंबंध नसलेले असावेत.
- नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर ते साक्षांकित करावं.
- एक प्रत नाव दिलेल्या व्यक्तींकडे, एक फॅमिली डॉक्टरकडे आणि एक स्थानिक संस्थेच्या, म्हणजे महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीच्या, नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यावी.

हे इच्छापत्र कधीही बदलता किंवा रद्द करता येतं.

शेवटच्या मुद्द्यावर गाडी अडत होती, कारण कागद जमा करून घ्यायला अधिकारीच नेमलेला नसायचा. मुंबईतले स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांनी यासाठी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. त्यानंतर महाराष्ट्रात स्थानिक संस्थांमध्ये असे अधिकारी नेमले जाऊ लागले. गोव्यात २०२४ मध्ये उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी स्वतःचं लिव्हिंग विल नोंदवून सुरुवात करून दिली. आपल्याकडे नगरपरिषदेत किंवा ग्रामपंचायतीत गेल्यावर समोरच्या बाबूला यातलं काही माहीत नसेल, अशी शक्यता धरूनच जा. वाद घालू नका. साध्या अर्जासोबत प्रत द्या, आवक शिक्का मारून पोच घ्या आणि ती पोच मूळ कागदाला जोडून ठेवा.

लिव्हिंग विलबद्दलचे तीन गैरसमज

पहिला: "हे लिहिलं की डॉक्टर उपचारच करणार नाहीत." असं होत नाही. हे इच्छापत्र तेव्हाच लागू होतं, जेव्हा आजार बरा होण्याची आशा उरलेली नसते आणि रुग्ण स्वतः निर्णय घेऊ शकत नाही. पक्षाघाताच्या पहिल्या साडेचार तासांत गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन देता येतं. तिथे लिव्हिंग विल शोधत बसायचं नसतं, १०८ ला फोन करून रुग्णाला हलवायचं असतं. न्यूमोनिया, फ्रॅक्चर, हार्ट अटॅक, साखर घसरणं यांवर उपचार होतातच.

दुसरा: "एका डॉक्टरने ठरवलं की मशीन बंद." तसंही नाही. आधी रुग्णालयाचं वैद्यकीय मंडळ तपासतं. त्यात उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षांचा अनुभव असलेले दोन तज्ज्ञ असतात. त्यानंतर दुसरं मंडळ तपासतं. त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला एक डॉक्टर आणि दोन वेगळे तज्ज्ञ असतात. दोन्ही मंडळांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यावं, असं कोर्टाने म्हटलं आहे. इच्छापत्रात नाव असलेल्या व्यक्तींची संमती घेतात आणि अंमल करण्यापूर्वी न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवतात. मतभेद झाले तर उच्च न्यायालय आहे. लहान नर्सिंग होममध्ये हे सगळं जुळवणं अवघड आहे. पण सेवाग्राम आणि सावंगी (मेघे) इथे मोठी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, त्यामुळे आपल्या जिल्ह्यात तज्ज्ञांची वानवा नाही.

तिसरा: "उपचार थांबवले म्हणजे माणसाला वाऱ्यावर सोडलं." व्हेंटिलेटर नको म्हणणाऱ्या रुग्णालाही वेदना कमी करणारं औषध, दम लागू नये म्हणून उपचार, तोंडाची निगा, बेडसोअर होऊ नयेत म्हणून कूस बदलणं, हे सगळं मिळतंच. मिळायलाच हवं. याला उपशामक उपचार म्हणतात.

कागद नसेल तर काय होतं, तेही सांगतो. आयसीयूत दहावा दिवस असतो, बिल वाढत असतं. गावातला मुलगा थकलेला असतो. पुण्याहून आलेला मुलगा म्हणतो, "काहीही करा, पण वाचवा." मुलगी रडत म्हणते, "आईला आणखी त्रास देऊ नका." तिघांचंही आईवर प्रेम असतं. शेवटी कोणीतरी "आमच्या जबाबदारीवर घरी नेतो" अशा कागदावर सही करतं. आई गाडीतून घरी येते, वेदनाशामक औषधाशिवाय. ज्याने सही केली, त्याला पुढे वर्षानुवर्षं वाटत राहतं की आईला आपणच मारलं. प्रत्यक्षात निर्णय पैशाने घेतलेला असतो आणि ओझं त्या एका माणसावर येतं. आईचे स्वतःचे दोन शब्द लिहिलेले असते, तर ते ओझं हलकं झालं असतं.

पैसा: कार्ड, ठेव आणि बँक

सत्तरीपुढचं आरोग्य कवच. २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत ७० वर्षं आणि त्यापुढच्या सर्वांना, उत्पन्नाची अट न लावता, कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण मिळतं. त्यासाठी 'आयुष्मान वय वंदना' कार्ड काढावं लागतं. वय आधारवरून धरतात. म्हणून आधारवर जन्मसाल चुकलेलं असेल तर ते आताच दुरुस्त करा. आपल्याकडच्या कित्येक म्हाताऱ्या माणसांचं आधारवरचं वय अंदाजे टाकलेलं असतं. खासगी विमा असला तरी हे कार्ड निघतं. केंद्र सरकारच्या किंवा माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेत असलेल्यांना मात्र दोन्हींपैकी एक निवडावी लागते. सत्तरीच्या आतल्यांसाठी राज्याची महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आहे. तिचं संरक्षणही दीड लाखावरून ५ लाखांपर्यंत वाढलं आहे.

या योजनांची मर्यादा समजून घ्या. त्या भरती झालेल्या रुग्णासाठी, योजनेतल्या रुग्णालयात आणि ठरलेल्या उपचारांसाठी असतात. पक्षाघातानंतर घरी लागणारी बाई किंवा माणूस, डायपर, एअर बेड, फिजिओथेरपी आणि महिन्याच्या गोळ्या यांचा खर्च घरालाच करावा लागतो. माझ्या अनुभवात लांबलेल्या आजारपणात घर वाकतं ते इथेच. म्हणून थोडी रक्कम अशी ठेवा, जी चटकन काढता येईल.

नॉमिनी. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवीला चारपर्यंत नॉमिनी लावता येतात. प्रत्येकाला किती टक्के, हेही लिहिता येतं, किंवा एकामागून एक असा क्रमही देता येतो. जुन्या ठेवींवर नॉमिनी आहे का, की पंचवीस वर्षांपूर्वी लावलेला नॉमिनी आता हयातच नाही, हे पासबुक घेऊन एकदा तपासून या. दोन गोष्टी लक्षात ठेवा. नॉमिनीला पैसे मिळतात ते खातेदार गेल्यावर. आणि नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. तो रक्कम स्वीकारतो, तिच्यावर हक्क मृत्युपत्राप्रमाणे किंवा वारसांचा असतो.

संयुक्त खातं. आई-वडील हयात असताना त्यांच्या आजारपणासाठी पैसे काढायचे, तर खातं दोघांच्या नावावर आणि "दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो" या पद्धतीचं असलेलं उपयोगी पडतं. ठेवीलाही हीच पद्धत लावून घ्या आणि मुदतीआधी मोडायची वेळ आली तर कोणाकोणाची सही लागेल, ते शाखेत विचारून ठेवा. वर सांगितलेल्या भावांच्या घरी एवढं असतं, तरी उसनवारीची वेळ आली नसती. मात्र एका मुलाचं नाव खात्यात घालताना बाकीच्या भावंडांना सांगून घाला. न सांगता घातलेल्या नावावरून पुढे भांडणं होतात.

हात चालत नसेल तर. माणसाला सगळं समजतं, पण सही करता येत नाही, अशा वेळी बँक "येऊ द्या त्यांना इथे" म्हणून परत पाठवते, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. रिझर्व्ह बँकेच्या सूचना वेगळ्या आहेत. आजारी किंवा वृद्ध खातेदाराचा हाताचा किंवा पायाचा अंगठा चालतो. तोही शक्य नसेल तर नुसती खूण चालते. त्यावेळी दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. शाखाधिकाऱ्याकडे या सूचनांचा उल्लेख करून लेखी विनंती करा. खातेदाराला व्यवहार समजतच नसेल, तिथे मात्र हा मार्ग चालत नाही.

कायदा: मुखत्यारपत्र, मृत्युपत्र, बक्षीसपत्र

मुखत्यारपत्र. "बाबांचं मुखत्यारपत्र करून ठेवलंय, आता काळजी नाही," असं बरेच जण सांगतात. इथे मोठी फसगत आहे. आपल्या करार कायद्यानुसार मुखत्यारपत्र देणारी व्यक्ती मनाने अक्षम झाली की मुखत्यारपत्राचा अंमल संपतो. म्हणजे डिमेन्शिया वाढल्यावर, नेमकं गरजेच्या वेळी, ते उपयोगाचं राहत नाही. माणसाला समजतं आहे पण त्याचं चालणं-फिरणं बंद झालं आहे, अशा वेळेपुरतंच त्याच्यावर विसंबा. कोमात गेलेल्या माणसाचे व्यवहार पाहण्यासाठी पालक नेमण्याची सोपी तरतूद आपल्याकडे नाही. २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कोमातल्या एका गृहस्थाच्या पत्नीला त्यांची पालक नेमलं होतं. आपल्यासाठी हा मार्ग नागपूर खंडपीठातून जातो. मार्ग आहे, पण वेळ आणि पैसा दोन्ही लागतात.

मृत्युपत्र. साध्या कागदावर चालतं, स्टॅम्प पेपर लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. दोन साक्षीदारांची सही मात्र लागतेच. साक्षीदार वारसांपैकी नसलेले बरे. नोंदणी केली तर पुढचे वाद कमी होतात. मृत्युपत्र करणारी व्यक्ती वयस्क असेल तर त्याच दिवसाचा डॉक्टरचा दाखला जोडावा. स्वतःच्या कमाईचं काय करायचं, ते माणूस ठरवू शकतो. वडिलोपार्जित शेतीत मात्र मुलींचाही जन्मापासून हक्क आहे. हे २००५ च्या दुरुस्तीने आलं आणि २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने पक्कं केलं. तिथे वडील फक्त आपल्या हिश्शाबद्दल लिहू शकतात. म्हणून सासरी गेलेल्या बहिणींना या बोलण्यातून वगळू नका.

बक्षीसपत्र. महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन मुलाला, मुलीला, नवरा-बायकोला किंवा नातवंडांना बक्षीस दिली तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे. बाकीची फी वेगळी. स्वस्त म्हणून कित्येक आई-वडील हयातीतच सातबारा मुलाच्या नावावर करून देतात. पुढे मुलाने पाहिलं नाही तर काय?

ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यात कलम २३ आहे. "सांभाळ करीन" या अटीवर मालमत्ता घेतली आणि सांभाळ केला नाही, तर न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्द करू शकतं. डिसेंबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की अशी अट असल्याचं दिसलं पाहिजे. जानेवारी २०२५ मध्ये दुसऱ्या एका प्रकरणात कोर्टाने हा कायदा ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे वाचावा असं सांगून एका आईने मुलाला दिलेलं बक्षीसपत्र रद्द ठरवलं. त्या प्रकरणात मुलाने सांभाळ करण्याचं लिहून दिलेलं होतं. दोन्ही निकालांतून घरासाठी निघणारा धडा एकच: बक्षीसपत्र करायचंच असेल तर त्यातच "आई-वडिलांचा अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधोपचार यांचा सांभाळ करण्याच्या अटीवर" हे वाक्य घाला. माझं मत विचाराल तर, हयातीत सगळं देऊ नका. मृत्युपत्र बदलता येतं, बक्षीसपत्र परत फिरवायला भांडावं लागतं.

याच कायद्यानुसार ६० वर्षांवरील आई-वडील मुलांकडून महिन्याला १० हजार रुपयांपर्यंत निर्वाह खर्च मागू शकतात. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांकडे करायचा. आपल्या जिल्ह्यात वर्धा, आर्वी आणि हिंगणघाट असे तीन उपविभाग आहेत. फोनवर माहिती हवी असेल तर ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन १४५६७ आहे.

डिमेन्शियाचं निदान झालं म्हणजे सगळं संपलं का?

नाही. हा माझ्या विषयातला भाग आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. डिमेन्शियाच्या सुरुवातीला माणूस चाव्या विसरतो, तीच गोष्ट परत विचारतो. पण आपल्याला मुलं किती, शेत किती, कोणाला काय द्यायचं आहे, हे त्याला व्यवस्थित कळत असू शकतं. तेव्हा केलेलं मृत्युपत्र किंवा लिव्हिंग विल निव्वळ निदानामुळे बाद होत नाही. पक्षाघातातही वाचा गेलेल्या प्रत्येकाची समज गेलेली नसते. काही जण मान हलवून, बोटाने दाखवून अचूक उत्तरं देतात.

म्हणून दाखला देताना मी चार गोष्टी पाहतो. सांगितलेलं समजतं का? ते थोडा वेळ लक्षात राहतं का? "हे केलं तर काय होईल, नाही केलं तर काय होईल" याचा विचार करता येतो का? आणि आपला निर्णय कोणत्याही मार्गाने सांगता येतो का? हे मी घरच्यांना बाहेर बसवून विचारतो. तुमच्या डॉक्टरने तसं केलं तर राग मानू नका. उद्या कोणी त्या कागदावर शंका घेतली, तर तीच तपासणी तुमच्या कामी येईल.

निदान लवकर झालं तर या कामांना अवधी मिळतो. घरातला माणूस ओळखीच्या रस्त्यावर चुकू लागला, पैशांचा हिशेब जमेनासा झाला, तर "वय झालं" म्हणून सोडून देऊ नका. विस्मरण वाटणाऱ्या काही जणांत थायरॉईड, ब जीवनसत्त्वाची कमतरता किंवा नैराश्य सापडतं, आणि त्यावर उपचार आहेत.

विषय काढायचा कसा?

सगळ्यात अवघड भाग हाच. आई-वडिलांसमोर मरणाचं बोलणं अभद्र वाटतं, आणि मुलाने मालमत्तेचा विषय काढला की हेतूवर शंका येते. काही गोष्टी उपयोगी पडतात.

सुरुवात स्वतःपासून करा. "बाबा, मी माझ्या खात्यांचे नॉमिनी लावले, तुमचेही एकदा पाहू का?" असं म्हटलं की तो सगळ्यांच्या घरचा विषय होतो. दिवाळीत किंवा पोळ्याला सगळी भावंडं घरी असतात, तेव्हा बोला. एकट्याने गाठून बोलू नका. एका बैठकीत सगळं संपवू नका. आधी औषधांची यादी आणि कार्ड, मग बँक, मग बाकीचं.

उपचारांबद्दल विचारताना "व्हेंटिलेटर हवा का?" असा प्रश्न करू नका. त्याचं उत्तर कोणाला देता येत नाही. असे प्रश्न विचारा:

- फार आजारी पडलात तर शेवटचे दिवस घरी हवेत की दवाखान्यात?
- कोणाला ओळखता येईना, स्वतःच्या हाताने जेवता येईना, अशी वेळ कायमची आली तर कुठपर्यंत उपचार करायचे?
- तुम्हाला बोलता आलं नाही तर डॉक्टरांनी कोणाचं ऐकावं?
- तुमच्या आजारासाठी शेत विकावं लागलं तर चालेल का?

शेवटचा प्रश्न विचारायला जड जातो. पण आपल्या भागात तो टाळता येत नाही, आणि त्याचं उत्तर देण्याचा अधिकार ज्याचं शेत आहे त्याचाच आहे. आणि उत्तर "शेवटपर्यंत सगळे उपचार करा" असं आलं, तर तेही तितकंच मानायचं. लिव्हिंग विल करायलाच हवं अशी सक्ती कोणावरही नाही.

या महिन्यात काय करता येईल?

१. चालू औषधं, आजार, ॲलर्जी, झालेली ऑपरेशनं आणि डॉक्टरचा फोन एका कागदावर लिहा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती ठळक लिहा. कागदाचा फोटो सगळ्या भावंडांच्या मोबाइलवर ठेवा.
२. वय वंदना कार्ड काढा, आधारवरचं वय तपासा.
३. बँकेत जाऊन नॉमिनी आणि संयुक्त खात्याचं काम करा.
४. मृत्युपत्राबद्दल वकिलाला भेटा. बक्षीसपत्राची घाई करू नका.
५. उपचारांबद्दल बोला. बोलणं झालं की लिव्हिंग विल लिहा आणि त्याची एक प्रत तुमच्या डॉक्टरला द्या.
६. सगळे मूळ कागद एका पिशवीत ठेवा आणि ती पिशवी कुठे आहे, ते किमान दोघांना माहीत असू द्या.

त्या दोन भावांचे वडील पुढे पाच महिन्यांनी गेले. ठेव त्यानंतर मोकळी झाली, आणि तिच्यातून उसने पैसे फेडले गेले. नंतर थोरला भाऊ स्वतःचं बीपी तपासायला आला. मला म्हणाला, "साहेब, तुम्ही आधी बोलले असते तं बरं झालं असतं."

त्याचं खरं होतं. नऊ वर्षं दर महिन्याला ते माझ्यासमोर बसत होते. बीपी मोजलं, गोळ्या लिहिल्या, मिठाबद्दल सांगितलं. हा विषय एकदाही काढला नाही, कारण तो डॉक्टरचा विषय आहे असं मला वाटलंच नव्हतं. आता साठीपुढच्या प्रत्येक पेशंटला मी बीपी मोजून झाल्यावर एक प्रश्न विचारतो: "तुम्हाला बोलता आलं नाही तर मी कोणाला विचारू?" बरेच जण हसतात. काही जण लगेच एक नाव सांगतात, ते मी केसपेपरवर लिहून ठेवतो. तुमच्या डॉक्टरांनी विचारलं नसेल, तर पुढच्या वेळी तुम्हीच सांगा.